बाद झालेलं मूल शिकणार कधी?

सर, सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पहिली आणि दुसरी माझ्याकडे, दोन्ही मिळून पट ३१. समोर अंगण आहे आणि मागे कडुनिंबाखाली थोडी मोकळी जागा. साहित्य म्हणाल तर दोन चेंडू, एक बॅट, सहा रिंगा, उड्या मारायच्या चार दोऱ्या. खेळाच्या तासाला मुलांना बाहेर सोडलं की चार-पाच जण बॅट पळवतात, मुली ओट्यावर गप्पा मारत बसतात, उरलेली नुसती धावत सुटतात. मी स्वतः कधीच खेळाडू नव्हते. डी.एड.ला शारीरिक शिक्षणाचे पाठ लिहून काढले, त्यापलीकडे हातात काही आलं नाही.

मुख्याध्यापक म्हणतात, पी.टी. घ्या, रांगा सरळ दिसल्या पाहिजेत. पालक म्हणतात, खेळायला ती घरीही खेळतात, तुम्ही वाचायला शिकवा. मला मात्र दिसतं की दुसरीतल्या एका मुलाला लंगडी घालता येत नाही, दोन उड्यांत पाय टेकतो. एक मुलगी चेंडू आला की डोळे मिटून तोंड फिरवते. तळ्यात-मळ्यात घेतलं की हीच दोघं पहिल्या मिनिटाला बाद होतात आणि कडेला बसून राहतात. बाकीची हसतात. आता त्या मुलाचं खेळाच्या तासालाच पोट दुखायला लागलंय.

आधी हालचाली शिकवून मग खेळ घ्यायचे, की खेळातूनच त्या शिकवता येतात? येत असतील तर कशा?

– एक शिक्षिका

* * *

ताई, नमस्कार.

खेळातूनच शिकवता येतात. पण खेळ जसाच्या तसा घेतला तर तो शिकवत नाही, आधीच येणाऱ्यांना आणखी पक्कं करतो. तळ्यात-मळ्यातचं तुम्हीच लिहिलंय बघा. ज्याला उडी जमत नाही तो पहिल्या मिनिटाला बाहेर. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला उड्या सर्वांत कमी. मुलाला लाजवायचं कुणाच्याच मनात नसतं, खेळाचा नियमच तसा असतो. म्हणून पहिलं काम एवढंच करा. पहिली-दुसरीच्या खेळांतून ‘बाद’ काढून टाका.

तळ्यात-मळ्यातच घेऊ. फक्कीनं एक मोठं वर्तुळ आखा आणि शेजारी दुसरं. सगळी मुलं पहिल्या वर्तुळाच्या रेषेबाहेर, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. जो चुकला तो पळत दुसऱ्या वर्तुळावर जाईल आणि तिथं खेळत राहील. तिथं चुकला की परत पहिल्यावर. कुणी बसलेलं नाही, कुणी जिंकलेलं नाही आणि मुलांना त्याचं काही वाटतही नाही, कारण एका वर्तुळावरून दुसऱ्यावर पळण्यातच त्यांना मजा येते. दोन-तीन मिनिटं झाली की थांबवा. एकच गोष्ट दाखवा: उडी मारून खाली येताना गुडघे वाकले पाहिजेत, दोन्ही पाय एकदम टेकले पाहिजेत आणि आवाज कमीत कमी आला पाहिजे. ‘गुडघे मऊ’ एवढे दोनच शब्द द्या. मुलं ते आपापसात म्हणायला लागतात. मग पुन्हा खेळ. पुढच्या खेपेला उडी मागे, नंतर बाजूला, मग हात मागून पुढे झोकून लांब.

खेळ, थांबा, एक गोष्ट, पुन्हा खेळ. तासाची घडण एवढीच. सुरुवातीला दहा मिनिटं समजावून सांगत बसू नका, सहा वर्षांचं मूल ऐकून उडी शिकत नाही. आणि एका तासाला एकच गोष्ट बघा. उडी बघायची ठरवली असेल तर त्या दिवशी कुणी धावताना हात वेडेवाकडे टाकले तरी सोडून द्या.

या वयात काय काय यायला हवं, त्याची यादी फार लांब नाही. जागा बदलायच्या हालचाली: धावणं, दोन पायांवर उडी, लंगडी, घोडदौड, एकेका पायावर आळीपाळीनं उडत पुढे जाणं, आडवं सरकणं, हुलकावणी देणं. जागच्या जागी करायच्या: तोल सांभाळणं, वाकणं, वळणं, गिरकी घेऊन थांबणं. आणि वस्तू हाताळायच्या: फेकणं, झेलणं, लाथ मारणं, टप्पा मारणं, फटका मारणं. यातलं बरंचसं सात-आठ वर्षांपर्यंत चांगलं जमू शकतं. ‘शकतं’ म्हणतो, कारण ते नुसत्या वयानं येत नाही. दात आपोआप येतात, फेक आपोआप येत नाही. ती कुणीतरी दाखवावी लागते आणि पुष्कळदा करावी लागते. पालकांना हेच सांगा. घरी मूल जे जमतं तेच खेळतं, जे जमत नाही ते टाळतं. दहाव्या-अकराव्या वर्षी ज्याला झेलता-फेकता येत नाही ते मूल संघातच जात नाही आणि मग मैदानापासून कायमचं लांब राहतं. तुमच्या त्या मुलाची पोटदुखी ही त्याची सुरुवात आहे, म्हणून मला तुमचं पत्र महत्त्वाचं वाटलं.

आता त्या मुलाची लंगडी.

लंगडी हा आपला खेळ आहे आणि मला तो फार प्रिय आहे. पण नियमाप्रमाणे त्यात पाय न टेकता, न बदलता गडी मारत फिरायचं असतं. नीट लंगडी न येणाऱ्याला ते कसं झेपणार? त्या मुलाचं नीट निरीक्षण करा. वर उचललेला पाय तो पुढे धरतो की मागे? बहुतेक पुढे ताठ धरत असेल किंवा हातानं पकडत असेल. तो पाय गुडघ्यात वाकवून मागे गेला पाहिजे आणि प्रत्येक उडीबरोबर किंचित हलला पाहिजे, कारण उडीला जोर तिथून मिळतो. हात मोकळे हवेत. नजर पायाशी नको, समोर हवी. आधी भिंतीला एक हात लावून जागच्या जागी उड्या मारू द्या. मग जोडीदाराचा हात धरून. दोन्ही पायांवर, कारण मुलं एकाच सोयीच्या पायावर अडून बसतात.

हे एकट्याला बाजूला घेऊन करायचं नाही, सगळ्यांच्या बरोबर करायचं. त्यासाठी अंगणात ‘ओढा’ आखा. दोन रेषा, एका टोकाला वीतभर अंतर, दुसऱ्या टोकाला चार फूट. ओढा ओलांडायचा, कुठून ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आधी दोन पायांवर उडी, मग लंगडी घालत. ज्याला जमत नाही तो अरुंद जागेवरून जाईल आणि ओलांडेलच. दोन फेऱ्यांनंतर तो स्वतःहून थोडा पुढे सरकलेला तुम्हाला दिसेल. ही युक्ती माझी नाही. मस्का मॉस्टन हे शारीरिक शिक्षणाचे मोठे अभ्यासक होते, ते उडीची दोरी दोघांना सरळ धरायला न लावता तिरकी धरायला सांगत. सरळ दोरी वर-वर नेली की एकेक मूल गळतं. तिरकी धरली की प्रत्येकाला आपल्या उंचीची जागा सापडते. तुमच्याकडे दोऱ्या आहेतच, तेही करून बघा.

त्याच्या जोडीला ठिकरी. घरं लहान आखा आणि मध्ये-मध्ये दोन पाय टेकायची घरं ठेवा, म्हणजे दोनच उड्या लंगडी आणि मग विसावा. मात्र एका आखणीपुढे ३१ जणांची रांग लावू नका. सहा-सात आखण्या करा, चौथीची मुलं आवडीनं करून देतील. ‘लंगडीची शिवाशिवी’ही घ्या. सगळेच लंगडी घालतात, ज्याच्यावर राज्य तोही, आणि पाय केव्हाही बदलायची मुभा. तिथं मग हसायला कुणाला सवड नसते.

शिवाशिवीवरून आठवलं. नेहमीच्या शिवाशिवीत हळू पळणाऱ्या मुलावर राज्य आलं की ते उतरतच नाही, शेवटी ते रडतं. एकाऐवजी चार-पाच जणांवर राज्य द्या, हातात रंगीत रुमाल द्या आणि दर दोन मिनिटांनी रुमाल बदला. विषामृत त्याहून चांगलं, कारण शिवलेल्याला सोडवायला कुणीतरी येतं आणि त्या येणाऱ्याला हुलकावणी द्यावी लागते. हुलकावणी शिकवायची तर ‘डावीकडे बघ, उजवीकडे पळ’ एवढं पुरतं.

तुमच्या मुलीचं डोळे मिटणं हे घाबरणं आहे आणि ते अगदी बरोबर आहे. लहान, कडक, वेगानं येणारा चेंडू तोंडावर येतोय, डोळे मिटणारच. क्रिकेटचा टेनिस बॉल झेलणं शिकण्यासाठी सर्वांत वाईट. आधी भीती काढायची. सुती ओढणी वर उडवा, ती तरंगत खाली येते, तिला पकडायला वेळच वेळ. मग फुगा. मग मूठभर तांदूळ किंवा वाळू भरून शिवलेली कापडी पिशवी. ती घरंगळत नाही, उसळत नाही, हातात पडली की पडून राहते. मग मोठा मऊ चेंडू, तोही आधी जमिनीवरून घरंगळत, मग एक टप्पा पडून आणि सगळ्यात शेवटी थेट. पहिल्यांदा ती हात पुढे ताठ धरेल आणि चेंडू छातीशी कवटाळेल. चालू द्या, ती पायरीच आहे. हळूहळू हात चेंडूकडे पुढे जातील आणि झेलताना कोपरात मुडपतील. तिला ‘डोळे उघडे ठेव’ म्हणण्यापेक्षा पिशवीवर एक अक्षर लिहा आणि ‘झेलायच्या आधी कोणतं अक्षर ते सांग’ म्हणा. नजर आपोआप पिशवीवर राहते. पहिलीच्या वर्गाला अक्षरओळखही होऊन जाते, पालक खूश.

आता एक हिशेब मांडतो, कारण मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. ३१ मुलं गोलात उभी, एक चेंडू, दर पाच सेकंदांना एक फेक. दहा मिनिटांत १२० फेकी होतील. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार झेल. तीच मुलं जोडीजोडीनं उभी राहिली आणि प्रत्येक जोडीकडे एक पिशवी असली तर त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाला साठ झेल मिळतात. एरवी चार, आता साठ. शिकवण्याचं सगळं कौशल्य एका बाजूला ठेवलं तरी हा फरक उरतोच. म्हणून साहित्याचं रडगाणं न गाता पंधरा-सोळा पिशव्या शिवून घ्या. पालक सभेत प्रत्येक घराला एक सांगा, जुन्या कापडाची. चिंध्यांचे चेंडू, जुन्या मोज्यात कागद कोंबून केलेले चेंडू, सायकलचे जुने टायर, वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, एवढ्यात वर्ष निघतं.

कोणताही खेळ घेताना हाच प्रश्न विचारा: या क्षणी किती मुलं हलतायत? खो-खोवर माझा जीव आहे, पण पहिली-दुसरीला तो पूर्ण रूपात घेऊ नका. मैदानात नऊ पाठलाग करणारे, त्यातले आठ बसलेले. पळणारे तीन. बारापैकी चार जण हलतायत आणि वर्गातली उरलेली मुलं बाहेर बघत बसलेली. त्याऐवजी पुढच्या वर्षांसाठी खो-खोचे तुकडे आत्ताच द्या: पाटावर बसल्यासारखं बसून एकदम उठून धावणं, धावता धावता खांबाला वळसा, खो ऐकला की सुटणं. तिसरी-चौथीला खरा खेळ येईल तेव्हा शरीर तयार असेल.

फेकण्याबद्दल एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. सुरुवातीला नेम शिकवू नका, जोर शिकवा. ‘नेम धर’ म्हटलं की मूल समोर तोंड करून, पाय जोडून, नुसत्या कोपरातून चेंडू ढकलतं आणि तीच सवय लागते. ‘जितकं लांब जाईल तितकं लांब फेक’ म्हटलं की अंग आपसूक वळतं, हात मागे जातो, पाय पुढे पडतो. तो पाय फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा हवा. उजव्या हातानं फेकणाऱ्याच्या डाव्या पायाला लोकरीचा धागा बांधा आणि म्हणा, ‘धागा पुढे, मग फेक.’ खेळ घ्या ‘गारांचा पाऊस’. मधोमध रेषा, दोन्हीकडे निम्मी निम्मी मुलं, प्रत्येकाकडे वर्तमानपत्राचे दोन-दोन गोळे. शिट्टी वाजली की सगळ्या गारा पलीकडे फेकायच्या, आपल्याकडे पडलेल्या उचलून परत फेकायच्या. मिनिटभरानं शिट्टी, कुणाच्या अंगणात गारा कमी ते मोजायचं. मोजणी मुलांकडूनच करून घ्या. कागदाचा गोळा लागत नाही, त्यामुळे तुमची ती मुलगीही यात बिनधास्त उतरेल.

हे जमायला लागलं की लगोरी. सातऐवजी तीनच दगड, किंवा डबे. अंतर चार-पाच पावलं, सहा-सहा मुलांचे पाच गट. एकतिसावं मूल एका गटात जास्त, काही बिघडत नाही. लगोरी रचताना चेंडू मारायचा भाग लहानांसाठी काढून टाका. विरुद्ध गटानं चेंडू आणून रिंगेत ठेवायच्या आत लगोरी रचायची, एवढा नियम पुरतो. आबाधुबी तर या वयात नकोच.

मुली ओट्यावर बसतात असं लिहिलंत. बऱ्याच घरांत मुलींच्या हाती चेंडू येतच नाही, मग पहिल्याच तासाला त्या चेंडूपासून लांब राहिल्या तर नवल नाही. पण उलटंही खरं आहे. झिम्मा, फुगडी, पिंगा, दोरीवरच्या उड्या यांत ताल आहे, तोल आहे, गिरकीनंतर सावरणं आहे. बसफुगडी घातली तर मांड्यांची ताकद आणि तोल दोन्हींचा कस लागतो आणि तुमच्या त्या बॅटवाल्या चौघांना ती बहुधा येणार नाही. झिम्मा सगळ्यांनी खेळायचा, गारा सगळ्यांनी फेकायच्या. ‘आज मुलींनी शिकवायचं’ म्हणून मुलींनाच फुगडीचे हात कसे धरायचे ते दाखवायला लावा. सुरुवातीला वेग कमी ठेवा, हात सुटून पडतात.

त्या चौघांची बॅट हिसकावून घेऊ नका. ती अंगातली हौस आहे, आपल्याला हवीच आहे. त्यांना एकेका गटात वाटून द्या, एकत्र ठेवू नका. आणि दोन कप्तान नेमून ‘तू मला, हा तुला’ असं गडी निवडायला कधीही लावू नका. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं. जन्ममहिन्यावरून, आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून, एक-दोन म्हणत, कसेही गट पाडा.

मुख्याध्यापकांशी भांडू नका. कवायतीला तिची जागा आहे, उभं राहणं, ताल, सूचना ऐकणं त्यातून येतं. तासाच्या सुरुवातीची तीन-चार मिनिटं तिला द्या. पण कवायतीनं कुणाला झेलता येत नाही, हे त्यांना वर्णनात्मक नोंदींतून दिसू द्या. ‘खेळात रस घेतो’ ही नोंद आपण सगळ्यांच्या नावापुढे लिहितो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘उजव्या पायावर पाच उड्या लंगडी घालतो, डाव्या पायावर दोन.’ ‘टप्पा पडलेला चेंडू छातीशी कवटाळून झेलते.’ एका तासाला पाच-सहा मुलांकडेच नीट बघा, दीड महिन्यात सगळ्यांच्या दोनदा नोंदी होतील. केंद्रप्रमुखांपुढे ठेवायलाही हे कागद उपयोगी पडतील.

आणि ‘मी खेळाडू नव्हते’ हे मनातून काढा. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीसाठी सांगितलाय, तोही पट शंभरावर असेल तर. म्हणजे पहिली ते पाचवीला खेळ शिकवणार ते तुमच्यासारखे वर्गशिक्षकच. लंगडी तुम्ही घालून दाखवायची गरज नाही, ज्याला येते त्याला दाखवायला सांगा आणि कुठे बघायचं ते तुम्ही बोटानं दाखवा. त्याच कायद्याच्या परिशिष्टात खेळाचं मैदान आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळसाहित्य नमूद आहे, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीपुढे मागणी ठेवताना संकोच करू नका. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. तुमच्या तासात त्यातली पंचवीस मिनिटं जरी प्रत्येक मूल खरोखर हललं तरी ती मोठी गोष्ट आहे. खिचडी झाल्या झाल्या तास घेऊ नका, उन्हाळ्यात सकाळची वेळ धरा आणि मैदानातले खडे-काचा रोज मुलांबरोबर वेचा.

पहिले दोन आठवडे फक्त तळ्यात-मळ्यात, ओढा आणि पिशवी, एवढंच करा. नवनवे खेळ आणायची घाई नको. मुलांना ओळखीचा खेळ पुन्हा पुन्हा लागतो आणि बदल त्यातल्या एकाच गोष्टीत करायचा असतो: कधी जागा मोठी, कधी चेंडू हलका, कधी गडी कमी.

राहिला तो मुलगा. दीड-दोन महिने रोज थोडा सराव करूनही त्याची लंगडी दोन उड्यांच्या पुढे गेली नाही, किंवा तो चालताना वारंवार अडखळतो, एकाच बाजूला अशक्त वाटतो, जिन्यावर कठडा सोडत नाही असं दिसलं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं त्यांना हे नेमक्या शब्दांत सांगा. तुमच्या नोंदवहीतलं पान त्यांना दाखवा. आणि डॉक्टरांकडे पाठवायच्या आधी त्याच्या आईशी एकदा निवांत बोला, मुलासमोर नको.